कॅपच्या कडेचे गणित

‘चावून बघा. उंच लागतेय का?’ दाताला कॅप बसवलेल्या माणसाने हा प्रश्न ऐकला नाही, असे सहसा होत नाही. रूट कॅनाल झालेले असते, दात घासून लहान केलेला असतो, माप लॅबला गेलेले असते आणि आठवडाभराने चकचकीत कॅप परत आलेली असते. मग रंगीत कागद दातांमध्ये धरून चावायचे, डॉक्टरांनी थोडे घासायचे, पुन्हा कागद. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत काम भागते. काही वेळा मात्र कॅप घासून घासून पातळ होते तरी पूर्ण खाली बसत नाही. किंवा बसल्यासारखी वाटते आणि दोन-तीन वर्षांनी जेवताना हातात येते. आतला दात तोवर किडून भुसभुशीत झालेला असतो.

अशा वेळी दोष डॉक्टरांच्या हाताला दिला जातो, नाहीतर रुग्णाच्या दात घासण्याला. दोन्ही कारणे खरी असू शकतात. तिसऱ्या कारणाचा विचार क्वचितच होतो. कॅप कोणत्या धातूची होती आणि तो धातू कसा ओतला गेला, हे ते कारण.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये साचे, डाय, ओतकाम यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांना पुढची गोष्ट सांगावी लागणार नाही. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून फौंड्रीत पॅटर्न बनवणारा कारागीर साधी पट्टी वापरत नाही. त्याच्याकडे आकसण्याचा हिशेब धरून मुद्दाम किंचित लांब आखलेली पट्टी असते. बिडासाठी साधारण एक टक्का, पोलादासाठी दोनच्या आसपास. कोल्हापूरच्या फौंड्रीत पंपाची बॉडी ओतताना हा हिशेब चुकला तर मशीनिंगला ठेवलेला जादा धातू कामी येतो. दाताच्या कॅपला तशी सोय नाही. तिची आतली बाजू जशी ओतली जाईल तशीच दातावर बसायची असते.

आकडे पाहू. दाढेची रुंदी साधारण १० मिलिमीटर. सोन्याचा मिश्रधातू घट्ट होऊन थंड होईपर्यंत सुमारे दीड टक्का आकसतो, म्हणजे या रुंदीवर १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो. निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू त्याहून जास्त, दोन ते सव्वादोन टक्क्यांपर्यंत आकसतो. सव्वादोन धरले तर २२५ मायक्रॉन. फरक ७५ मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाचा.

एका केसाने काय बिघडते? दंतवैद्य दात घासतात तेव्हा त्याच्या भिंती वरच्या बाजूला किंचित निमुळत्या ठेवतात, प्रत्येक बाजूने साधारण तीन अंश. समजा सोन्यासाठी बसवलेल्या हिशेबातच निकेल-क्रोमियम ओतले, तर कॅप प्रत्येक बाजूने ३७-३८ मायक्रॉन घट्ट होईल. निमुळत्या खुंटीवर घट्ट पेला बसवला तर तो वरच अडकतो. तीन अंशांच्या उतारावर ३७ मायक्रॉनची अडचण म्हणजे कॅप जवळजवळ पाऊण मिलिमीटर वर अडकणार. ‘उंच लागतेय’ यामागे कधीकधी हे त्रिकोणमितीचे साधे गणित असते. आणि उंच लागणारी कॅप डॉक्टर वरून घासतात तेव्हा चावणे सुधारते, हिरडीजवळची फट मात्र तशीच राहते.

हीच फट सगळ्या दुखण्याचे मूळ. तिच्यात सिमेंट दिसते, लाळेत ते हळूहळू विरघळते, जागा रिकामी होते, जंतू आणि अन्नकण आत शिरतात. इंग्लंडमधल्या मॅक्लीन आणि व्हॉन फ्रॉनहोफर या संशोधकांनी पाच वर्षांत हजारावर कॅप आणि तत्सम कामे तपासून १९७१ मध्ये १२० मायक्रॉन ही मर्यादा सुचवली. कडेची फट त्याच्या आत असेल तर काम चालण्याजोगे मानायचे. अर्धशतक उलटले तरी जगभरचे अभ्यास हाच आकडा धरून चालतात. तो काही निसर्गनियम नाही. एवढी फट डोळ्यांना सहज दिसत नाही आणि टोकदार उपकरणालाही कधी लागते, कधी लागत नाही, म्हणून तडजोडीने पडलेली ती रेघ आहे.

आता कॅप ओततात कशी ते पाहू. पद्धत फार जुनी आहे. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापात प्लास्टर ओतून दाताची प्रतिकृती करतात. लॅबमध्ये तिला डाय म्हणतात. तिच्यावर मेणाची कॅप घडवतात, मेणाची बारीक दांडी जोडतात, भोवती पिठीसारखी सामग्री कालवून ओततात आणि ती घट्ट झाली की भट्टीत घालतात. मेण जळून जाते, पोकळी उरते, तिच्यात धातू भरायचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे याच मेणाच्या रीतीने ओतलेले मानतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेण वितळवून मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. मेण तोलायचे, आणि मूर्ती चांदीची करायची तर मेणाच्या बारापट, सोन्याची तर सोळापट धातू घ्यायचा, असे त्यात सांगितले आहे. आजचा डेंटल टेक्निशियनही मेणाची कॅप काट्यावर ठेवतो आणि धातूच्या घनतेने गुणून किती धातू लागेल ते काढतो. जुने आकडे आजच्या घनतेच्या तक्त्याशी तंतोतंत जुळत नाहीत, पण हिशेबाची रीत तीच आहे.

दातांच्या कामात ही रीत रुळवली ती शिकागोच्या विल्यम टॅगर्ट या दंतवैद्याने. १९०७ च्या जानेवारीत त्याने न्यूयॉर्कच्या दंतवैद्यांसमोर आपले ओतकामाचे यंत्र मांडले. त्याच्या दहा वर्षे आधी फिलब्रूक नावाच्या आयोवाच्या दंतवैद्याने असेच काम सांगितले होते, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. टॅगर्टने पेटंट घेतले आणि त्यावरून पुढे कोर्टकचेऱ्याही झाल्या. वैद्यकाच्या इतिहासात असे भांडण सापडत नाही अशी शाखा कमीच. टॅगर्टचे ओतकाम सुरेख दिसे, पण ते घट्ट होई आणि दातावर नीट बसत नसे. आकसण्याचा इलाज शोधायला त्यानंतर दोन-तीन दशके गेली.

तो इलाज असा. धातू आकसणारच असेल तर साचा तेवढाच फुगवायचा. मेणाभोवती ओतायच्या त्या सामग्रीला लॅबमध्ये ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणतात. शेअर बाजाराशी तिचा संबंध नाही. तिच्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचेच भावंड. सिलिका तापवली की एका ठरावीक तापमानाला तिच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ती एकदम फुगते. क्वार्ट्झ रूपात हे ५७३ अंश सेल्सिअसला घडते, क्रिस्टोबलाइट रूपात २०० ते २७० अंशांच्या दरम्यान. त्यात इन्व्हेस्टमेंट घट्ट होतानाचे फुगणे मिळवायचे. या दोन्हींची बेरीज धातूच्या आकसण्याइतकी झाली तर कॅप दातावर अलगद उतरते. बेरीज कमी पडली तर घट्ट, जास्त झाली तर ढगळ.

सोन्याच्या काळात हे गणित सोपे होते. सोन्याचा मिश्रधातू हजार अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे जिप्सम मिसळलेली साधी इन्व्हेस्टमेंट चाले. सोने जड असते, यंत्राने फिरवले की स्वतःच्या वजनाने बारीक कडेपर्यंत पोहोचते. शिवाय ते मऊ. कडेला थोडी फट राहिलीच तर गुळगुळीत उपकरणाने घासून कड दाताकडे दाबून घेता येते. सराफाच्या दुकानात कोंदण बसवताना पाहिले असेल तर हे लगेच कळेल.

मग सोने गेले. आपल्याकडे ते जरा आधीच गेले. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरेटहून शुद्ध दागिने घडवण्यावर बंदी आली, १९६८ मध्ये कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द झाला. जगात १९७१ मध्ये डॉलरची सोन्याशी बांधलेली गाठ सुटली आणि औंसाला ३५ डॉलरवर असलेला भाव १९८० च्या जानेवारीत ८५० डॉलरवर पोहोचला. दातांच्या कामाला स्वस्त धातू हवा होता. निकेल-क्रोमियम आणि कोबाल्ट-क्रोमियम पुढे आले. आज आपल्या आसपासच्या दवाखान्यांत ‘मेटल कॅप’ किंवा ‘सिरॅमिक कॅप’ म्हणून जे बसवले जाते, त्यातल्या बऱ्याच कॅपच्या पोटात हेच धातू असतात.

या धातूंची निंदा करण्याचे कारण नाही. ते सोन्याच्या जवळजवळ दुप्पट ताठ असतात, त्यामुळे कॅपची भिंत पाव-तीन दशांश मिलिमीटरवर आणता येते आणि दात कमी घासावा लागतो. क्रोमियममुळे गंजत नाहीत. सिरॅमिक त्यांना चांगले धरते. पण ओतायला ते हट्टी. ओतण्याचे तापमान १३००-१४०० अंशांच्या घरात. तिथे जिप्सम टिकत नाही. ७०० अंशांच्या पुढे जळक्या मेणाच्या कार्बनशी मिळून त्यातून गंधकाचे वायू सुटतात आणि धातू खराब होतो. म्हणून फॉस्फेटची इन्व्हेस्टमेंट लागते. ती पाण्याऐवजी सिलिकाच्या खास द्रवात कालवतात आणि त्या द्रवाचे प्रमाण कमी-जास्त करून फुगणे हवे तेवढे मिळवतात. दाट द्रव, जास्त फुगणे. धातू हलका असल्याने साच्यात शिरायला जोर जास्त लागतो, यंत्राच्या स्प्रिंगला चार-पाच वेढे द्यावे लागतात. आणि कड दाबून घेण्याची सोय इथे नाही. ओतली तशी बसली पाहिजे.

लॅबचे खरे कसब इथे दिसते, आणि चुकाही इथेच होतात. बहुतेक चुका कंटाळवाण्या असतात. द्रव आणि पाणी मापाने न घेता अंदाजाने घेतले. मेणाची कॅप रात्रभर तशीच ठेवली; मेण घडवताना त्यात ताण राहतो, तो सुटताना कॅप वाकडी होते. मेणाचे उष्णतेने फुगणे तर दातांच्या कामातल्या जवळजवळ सगळ्या सामग्रीत सर्वांत जास्त. खोलीचे तापमान दहा अंशांनी बदलले तर पाव-तृतीयांश टक्क्याचा फरक पडतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखाली सकाळी घडवलेले मेण दुपारी तेवढेच राहील, असे धरता येत नाही. पावसाळ्यात इन्व्हेस्टमेंटची उघडी पिशवी किनारपट्टीच्या हवेतला ओलावा ओढून घेते आणि तिचे घट्ट होणे-फुगणे बिघडते. भट्टी तापत असताना वीज गेली तर साचा थंड होतो. परत तापवला की त्याला बारीक तडे जातात, आणि ओतलेल्या कॅपवर पापुद्र्यासारखे पंख येतात. असा साचा टाकून द्यायला हवा. टाकला जातो की नाही, हे कॅपवर लिहिलेले नसते.

धातू वितळवण्याच्या दोन रीती आहेत. एक ज्योतीची, म्हणजे ऑक्सिजन आणि गॅसची टॉर्च. दुसरी इंडक्शनची, जिच्यात विजेच्या चुंबकीय क्षेत्राने धातू मुशीत आपोआप तापतो. ज्योतीने काम चांगले करणारे कारागीर आहेत आणि धातूचा रंग पाहून नेमका क्षण ओळखणारी त्यांची नजर कौतुकाचीच आहे. पण ज्योत चुकीची लागली तर धातूत कार्बन किंवा ऑक्सिजन शिरतो, जास्त तापला तर छिद्रे पडतात. इंडक्शनमध्ये तापमान दर वेळी सारखे राखणे सोपे. टायटॅनियमची तर गोष्टच वेगळी. १६६८ अंशांना वितळणारा हा धातू गरम असताना हवेशी आणि साच्याशीही झोंबतो, म्हणून त्याला आर्गन वायूत किंवा निर्वातात ओतावे लागते. टॉर्चने टायटॅनियम ओतल्याचे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

ओतल्यावर दांडीकडे उरलेला धातूचा गोळा पुढच्या कामात वापरणे हा आणखी एक मोह. सोन्याच्या बाबतीत निम्मा नवा धातू घालून जुना वापरावा, असे पाठ्यपुस्तके सांगतात. निकेल-क्रोमियम पुन्हा पुन्हा वितळवले तर त्यातले किरकोळ पण महत्त्वाचे घटक जळून जातात, मग ना ते नीट वाहते, ना सिरॅमिक धरते. स्वस्त धातूत बचत करण्याचा हा प्रकार मला तरी अनाकलनीय वाटतो. तो गोळा वाचवून जे मिळते त्याहून एक बिघडलेली कॅप महाग पडते.

किरकोळ घटकांतला एक घटक किरकोळ नाही. निकेल-क्रोमियम चांगले वाहावे, कडेपर्यंत पोहोचावे म्हणून काही मिश्रधातूंत बेरिलियम घालत आले आहेत. वजनाने जेमतेम १.८ टक्के, पण बेरिलियमचा अणू इतका हलका, की अणूंची संख्या मोजली तर दहातला एक बेरिलियमचा निघतो. कॅप खरोखर चांगली बसते. किंमत मोजतो तो ती घासणारा कामगार. बेरिलियमची धूळ आणि वाफ फुप्फुसात कायमचा आजार निर्माण करते, आणि ते कर्करोगकारक म्हणून मान्य झालेले आहे. दातांच्या धातूंच्या सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात बेरिलियमची मर्यादा ०.०२ टक्के आहे, म्हणजे व्यवहारात नाहीच. तरीही पाकिटावर ‘बेरिलियमविरहित’ असे छापलेले आहे का, हे लॅबने पाहूनच धातू घ्यावा.

इन्व्हेस्टमेंटची सिलिकाही तशीच. पावडर कालवताना, साचा फोडताना, वाळूच्या फवाऱ्याने कॅप साफ करताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर सिलिकोसिस होतो. डेंटल टेक्निशियनमध्ये हा आजार अनेक देशांत नोंदवला गेला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या आजारांच्या यादीत सिलिकोसिस आणि बेरिलियमची विषबाधा दोन्ही होते. पण तीन-चार माणसांच्या लॅबला तो कायदा लागू होत नव्हता. त्याच वर्षीच्या दंतवैद्यक कायद्याने ‘डेंटल मेकॅनिक’ या नावाने या कारागिरांची नोंदणीही सांगितली होती. तरी कामावर बसून शिकलेले आणि कुठल्याही नोंदवहीत नसलेले हात या धंद्यात थोडेथोडके नाहीत. साचा ओला करून फोडणे, घासण्याच्या टेबलाशी धूळ ओढणारा पंखा आणि कापडी रुमालाऐवजी खरा मास्क, एवढ्याने बरेच टळते.

रुग्णाच्या बाजूने निकेलचा प्रश्न वेगळा आहे. खोटे कानातले घातल्यावर कान चिघळतात, घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा जीन्सच्या बटणापाशी खाज येते, अशी माणसे बरीच असतात आणि त्यांत बायकांचे प्रमाण जास्त. ती निकेलची ॲलर्जी असू शकते. अशांनी कॅपचे माप देण्यापूर्वीच डॉक्टरांना हे सांगावे. कोबाल्ट-क्रोमियम, टायटॅनियम किंवा झिर्कोनियाचा पर्याय असतो. तोंडात प्रत्येकाला त्रास होईलच असे नाही, पण सांगायला काही पडत नाही.

झिर्कोनिया आल्यापासून ओतकामाचे दिवस भरले, असे म्हणतात. कॅमेऱ्याने माप, संगणकावर आराखडा, यंत्राने कोरीव काम. मेण नाही, मूस नाही. धातूची कॅपही आता लेझरने भुकटीचे थर वितळवून उभी करता येते. गंमत अशी, की आकसणे इथेही पिच्छा सोडत नाही. खडूसारखा मऊ झिर्कोनिया कोरून भट्टीत भाजला की तो २० ते २५ टक्के आकसतो. म्हणून यंत्र कॅप मुद्दाम तेवढी मोठी कोरते. प्रत्येक ठोकळ्यावर त्याच्या घाण्याचा आकसण्याचा आकडा दिलेला असतो आणि तो संगणकात चुकीचा भरला तर लाखोंचे यंत्रही ढगळ कॅपच देते. पॅटर्नवाल्याची लांब पट्टी इथे संगणकात शिरली, एवढेच. कोणती रीत श्रेष्ठ, याची तुलना करणारे अभ्यास खूप आहेत. त्यांचा एकत्रित अर्थ मी असा लावतो, की नीट केली तर जवळजवळ प्रत्येक रीत १२० मायक्रॉनच्या आत राहू शकते, आणि निष्काळजीपणाने केली तर कोणतीच राहत नाही.

कॅप बसवून घेणाऱ्याला हे मायक्रॉन मोजता येणार नाहीत. त्याला दोन गोष्टी करता येतात. पहिली, बिलावर किंवा लॅबच्या चिठ्ठीवर धातूचे नाव लिहून मागणे. ‘मेटल’ हे नाव नव्हे. पुढे कधी ॲलर्जी उद्भवली किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर ती चिठ्ठी उपयोगी पडते. दुसरी, कॅप पक्की चिकटवण्यापूर्वी थोडा वेळ मागणे. डॉक्टर टोकदार उपकरण कडेवरून फिरवतात, शेजारच्या दाताशी दोरा घालून पाहतात, शंका आली तर एक्स-रे काढतात. जीभ कडेला अडखळते का, हिरडी दाबल्यासारखी वाटते का, हे त्याच वेळी सांगावे. फट दिसली तर चांगले डॉक्टर स्वतःच कॅप लॅबला परत पाठवतात आणि नवे माप घेतात. त्यात आठवडा जातो. पक्के सिमेंट लागल्यावर चूक लक्षात आली, तर कॅप बहुतेक वेळा कापूनच काढावी लागते.